कराचीहून नाशिकला, जानेवारी १९४८

फाळणीत कराचीहून मराठी घरंही उठली, हे मी नाशिकमध्ये आजही सांगते तेव्हा ऐकणाऱ्याला नवल वाटतं. सिंधी आणि पंजाबी कुटुंबांचं सगळ्यांना ठाऊक आहे. पण १ एप्रिल १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. सिन्नरकडच्या माणसाची सरकारी नोकरीत धारवाडला बदली झाली काय नि कराचीला झाली काय, इलाखा एकच. माझे आजोबा असेच कारकून म्हणून तिकडे गेले. अण्णा, म्हणजे माझे वडील, कराचीतच जन्मले आणि नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत लागले. आम्ही तिघं भावंडंही तिथलीच. दादा ज्या शाळेत जायचा ती नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी माणसाच्या नावाची, १८५५ साली सुरू झालेली सिंधमधली पहिली सरकारी शाळा. आम्ही तिथे पाहुणे नव्हतो.

अण्णा रोजचा खर्च खिशातल्या वहीत टिपून ठेवायचे. त्या वहीची जानेवारी १९४८ ची पानं माझ्याकडे आहेत. तारखा आणि पैसे त्यातले. बाकीचं माझ्या आठवणीतलं आणि आईकडून पुढे ऐकलेलं. मी तेव्हा दहा वर्षांची होते.

मंगळवार, ६ जानेवारी

वहीत एवढंच आहे: "दूध, भाजी. दुपारनंतर बाहेर नाही."

वरच्या सिंधमधून आलेले शीख रेल्वेतून उतरून घोडागाड्यांनी रतन तलावाच्या गुरुद्वाऱ्यात चालले होते. तिथून त्यांना बोटीने मुंबईला जायचं होतं. जमावाने गुरुद्वारा घेरला, माणसं मारली, आग लावली. मग हिंदूंची घरं आणि दुकानं लुटायला सुरुवात झाली. सोल्जर बझारातल्या आमच्या गच्चीवरून धूर दिसत होता. संध्याकाळी संचारबंदी लागली, लष्कर आलं.

इथे ऑगस्टमधलं सांगायला हवं. रेल्वेच्या नोकरांना तेव्हा हिंदुस्थान की पाकिस्तान ते लिहून द्यायचं होतं. अण्णांनी "पाकिस्तान, तात्पुरतं" असं लिहिलं. तात्पुरतं म्हणजे सहा महिन्यांत बदलता येणारं. नाशिकच्या काकांचं पत्रावर पत्र येत होतं, निघून या म्हणून. आई म्हणायची, "आपल्याच गावात आपल्याला कोण काय करणार?" तसं म्हणण्यात तिचं काही चुकलं नव्हतं. पंजाब पेटला होता तेव्हा कराची शांत होती, आणि ती नव्या देशाची राजधानी होती. खुद्द जिना तिथे राहत होते.

शनिवार, १० जानेवारी

संचारबंदी सैल झाली तशी अण्णा कचेरीत जाऊन ऑप्शन बदलून आले. बोटीच्या तिकिटांसाठी बंदर रोडवरच्या स्वामिनारायण मंदिरात गेले. आवारभर माणसं बोचक्यांवर बसलेली होती. तीन दिवस खेटे घालून सोमवारची डेकची तिकिटं मिळाली. काय न्यायचं यावर घरात वाद झाला नाही, कारण आईने सगळं आधीच ठरवून ठेवलं होतं. एक ट्रंक, दोन वळकट्या, पितळेचे डबे एकात एक घालून, देव फडक्यात बांधून. शिवणयंत्र खाली राहणाऱ्या अदीला द्यायचं. अदी म्हणजे सिंधीत बहीण. आई आमच्या सिंधी शेजारणीला तशीच हाक मारायची आणि म्हणून आम्ही मुलंही. अदीचं घर अजून निघायचं ठरवत नव्हतं.

सोमवार, १२ जानेवारी

हा दिवस मला जवळजवळ सगळा आठवतो.

सकाळी आम्ही शेवटचं जेवत होतो, तेव्हा दारात एक कुटुंब येऊन उभं राहिलं. नवरा, बायको, सासू आणि दोन मुलगे. अजमेरहून आलेले. डिसेंबरात तिथे दंगल झाली होती आणि त्यात त्यांचं घर गेलं होतं. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं की या मजल्यावरचे हिंदू आज जाणार आहेत. तो माणूस अण्णांना म्हणाला, आम्ही जिन्यात थांबतो, तुमचं आटपू द्या. अण्णांनी आत बोलावलं. आई उठली नाही. पानावर बसूनच त्या बाईकडे बघत राहिली.

मग हात धुऊन ती त्या बाईला स्वयंपाकघरात घेऊन गेली. मी मागोमाग गेले. नळाला पाणी पहाटे किती वाजता येतं, पिंपात ते कसं भरायचं, शेगडीची जाळी कुठे सैल आहे, पावसात कुठली भिंत ओल धरते, असं एकेक ती सांगत होती. बाई उर्दूत बोलत होती, आई सिंधीत, आणि दोघींना एकमेकींचं कळत होतं. फडताळातली लोणच्याची बरणी आईने तिला दाखवली आणि म्हणाली, मुरलेलं नाही अजून, होळीपर्यंत थांबा. त्या बाईने आईचा हात धरला. आईने तो सोडवून घेतला नाही, पण तिच्याकडे बघितलंही नाही.

त्या बाईवर आईचा राग होता का, असं मी तिला पुढे विचारलं होतं. ती म्हणाली, "राग होता. पण तिच्या पोरांना पाणी लागणारच होतं ना."

केमारी बंदरावर सामानाची झडती. ट्रंकेतलं सगळं फरशीवर काढायला लावलं. आईच्या दोन पाटल्या हातात होत्या त्या राहिल्या, चांदीचं तबक गेलं. रोख रुपयांचं मात्र तसं अडलं नाही. नोटा अजून दोन्हीकडे एकच चालत होत्या. डेकवर जागा मिळाली ती दोरांच्या वेटोळ्याजवळ. बोट सुटली तेव्हा अंधार पडला होता.

वहीत: "हमाल २ रु. चहा. बोट सुटली रात्री."

मंगळवार, १३ जानेवारी. समुद्रावर

भोगी. आईला आदल्या वर्षीची आठवण झाली, तिळाची भाकरी, लोणी, भोगीची भाजी. डेकवर शेजारच्या एका बाईने खरपूस कोकी, म्हणजे सिंधी जाड रोटी, दिली, ती आम्ही खाल्ली. दादाला बोट लागली. धाकटी बेबी झोपून राहिली. अण्णा दिवसभर कठड्याला धरून उभे होते आणि कोणाशी बोलले नाहीत.

बुधवार, १४ जानेवारी. मुंबई

संक्रांतीच्या दिवशी आम्ही मुंबईच्या गोदीत उतरलो. स्वयंसेवक उभे होते, नावं लिहून घेत होते, पुऱ्या आणि भाजी वाटत होते. ज्यांचं कोणी नाही त्यांना छावण्यांत पाठवत होते. कल्याण, देवळाली, चेंबूर, मुलुंड ही नावं मी प्रथम तिथे ऐकली. आमची पाळी आली तेव्हा अण्णांनी मराठीत नाव सांगितलं. लिहून घेणारा तरुण मुलगा एकदम मान वर करून हसला. "म्हणजे तुम्ही आपलेच! घरी आलात मग." त्याच्या मनात प्रेमच होतं. त्याने आमचं कार्ड केलं नाही, कारण आम्हाला ते लागणार नाही असं त्याला वाटलं. अण्णांनीही मागितलं नाही.

पुढे कितीतरी वर्षं हेच वाक्य आम्ही ऐकत राहिलो. माझं सगळं सांगणं याच एका गोष्टीसाठी आहे. अदीच्या घराचं गाव गेलं, हे सगळ्यांना दिसलं. आमचंही गेलं होतं. पण आमची भाषा इथली असल्यामुळे आम्ही परत आलो असं धरलं गेलं, आणि परत आलेल्या माणसाने रडायचं कशासाठी? आई कितीतरी दिवस कोणापुढे रडली नाही.

गुरुवार, १५ जानेवारी

गिरगावात अण्णांच्या एका रेल्वेतल्या मित्राकडे मुक्काम. दिल्लीत गांधीजींचं उपोषण सुरू झालेलं, चाळीत दुसरा विषय नव्हता. आम्ही मुलं झोपलो.

शुक्रवार, १६ जानेवारी. गाडीत

बोरीबंदरहून सकाळची गाडी. डब्यात वर्तमानपत्र फिरत होतं. पाकिस्तानचे पंचावन्न कोटी देऊन टाकायचं सरकारने ठरवलं होतं. भांडण लागलं. कोणी गांधीजींना बोल लावत होता, कोणी त्यांच्या बाजूने. एकाने अण्णांना विचारलं, तुम्ही तिकडून आलात, तुम्हीच सांगा. अण्णा म्हणाले, "मला झोप झालेली नाही," आणि डोळे मिटून घेतले. मला अण्णांचं ते उत्तर पुरेसं वाटलं नव्हतं. आता वाटतं.

कल्याणला बोटीवरची पुष्कळ मंडळी उतरली. लढाईच्या काळातल्या लष्करी छावणीत त्यांची सोय केली होती. कोकी देणारी बाईही उतरली, आणि बोचकं डोक्यावर घेऊन चालू लागेपर्यंत मागे वळून हात हलवत होती.

कसाऱ्याला गाडी थांबली, मागून ढकलायला इंजिनं जोडली. थळ घाटाचा चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. अण्णा रेल्वेचे, त्यामुळे हे सांगताना त्यांचा आवाज प्रथमच नेहमीसारखा झाला. १९३० पासून इगतपुरीपर्यंत विजेची इंजिनं चालतात, तिथे ती काढून वाफेची लावतात, असं ते दादाला समजावत होते. मी बोगदे मोजत होते. कराचीत डोंगर असा नाही. दरी बघून बेबी रडायला लागली आणि आईने तिला पदराखाली घेतलं.

इगतपुरीनंतर गाडी सपाटीला लागली. घोटी, लहवीत, देवळाली. देवळालीला लष्कराच्या बराकींच्या रांगा दिसल्या, मधून दोऱ्यांवर सलवारी आणि ओढण्या वाळत होत्या. आई खिडकीला चिकटून बघत राहिली, बराकी दिसेनाशा झाल्या तरी.

नाशिकरोडला काका घ्यायला आले होते. गावात जायला टांगा. वहीत: "टांगा १ रु. ४ आ. थंडी फार." नाशिकची जानेवारीतली थंडी कराचीच्या माणसाला ठाऊकच नसते. आमच्याकडे एकही जाड पांघरूण नव्हतं.

शनिवार १७, रविवार १८ जानेवारी. तिळभांडेश्वर लेन

काकांचा वाड्यातला बिऱ्हाडाचा भाग तीन खोल्यांचा, त्यात त्यांची सहा माणसं आणि आम्ही पाच. काकूंनी माजघरातला अर्धा भाग आम्हाला दिला. त्यांच्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. वाड्यातल्या बायका आईला बघायला आल्या. "सुटलात बाई. आपल्या माणसांत आलात." आई मान हलवायची.

तिने रविवारी कढी केली. आमच्याकडे कढी म्हणजे सिंधी कढी, डाळीचं पीठ परतून, चिंच घालून, भेंडी नि शेवग्याच्या शेंगा टाकून. काकूंच्या मुलांनी पहिल्या घासाला तोंड वाकडं केलं, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे ताकाची कढी होती. काकू त्यांना रागावल्या. आईने दुसऱ्या दिवसापासून तिथला स्वयंपाक शिकून घेतला. गोडा मसाला ती पुढे इतका चांगला करू लागली की गल्लीतल्या बायका तिच्याकडून नेत. सिंधी कढी तिने त्या वाड्यात पुन्हा केली नाही.

त्याच दिवशी गांधीजींनी उपोषण सोडल्याची बातमी आली. काकांनी पेढे आणले.

सोमवार, १९ जानेवारी. रामकुंड

काका आम्हाला गोदावरीवर घेऊन गेले. समुद्र बघत वाढलेल्या मुलीला ती नदी इतकी लहान वाटली की मी विचारलं, हीच का? पाणी बर्फासारखं होतं. दादाने उडी मारली, मी फक्त पाय बुडवले.

तिथले क्षेत्रोपाध्ये घराण्यांच्या वह्या ठेवतात. कोण कधी आलं, कोणाच्या अस्थी आणल्या, मुलंबाळं किती, सगळं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेलं असतं. काकांनी आमचं आडनाव आणि मूळ गाव सांगितलं. गुरुजींनी लांबट वही काढली, पानं उलटली आणि एका नोंदीवर बोट ठेवलं. माझे आजोबा पणजोबांच्या अस्थी घेऊन आले होते तेव्हाची नोंद. खाली त्यांची मोडीत सही. आणि गावाच्या जागी: "हल्ली मुक्काम कराची."

अण्णांनी ती ओळ वाचली आणि वही आईच्या हातात दिली. आईला मोडी येत नव्हती. अण्णांनी वाचून दाखवलं. गुरुजींनी दौत पुढे केली, आज आलेल्यांची नावं लिहायला. अण्णांनी आमची सगळ्यांची नावं लिहिली. गावाच्या जागी येऊन थांबले. गुरुजी म्हणाले, "आता नाशिक लिहा." अण्णांनी लिहिलं, "कराचीहून आलो, मुक्काम नाशिक." गुरुजींनी ती शाई वाळू टाकून टिपली आणि काही न बोलता वही मिटली. नाशिकमध्ये इतकं समजूतदार आमच्याशी तोवर कोणी वागलं नव्हतं.

रविवार, २५ जानेवारी

काका नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. प्रेसमधलं घरी बोलायचं नाही हा त्यांचा नियम. त्या दिवशी मात्र त्यांनी एक पाकीट काढलं. अण्णांनीच नोव्हेंबरात कराचीहून त्यांना पाठवलेलं पत्र. तिकिटावर राजाचं डोकं, आणि त्यावर इंग्रजी अक्षरांत "पाकिस्तान" असा शिक्का.

"हे आमच्याकडे छापलंय," काका म्हणाले.

पाकिस्तानकडे तेव्हा स्वतःची तिकिटं नव्हती. हिंदुस्थानच्याच तिकिटांवर नाशिकला नव्या देशाचं नाव छापून ती पाठवली, आणि १ ऑक्टोबर १९४७ पासून ती तिकडे विकली जाऊ लागली. त्यातलं एक अण्णांनी कराचीच्या पोस्टात विकत घेतलं, पाकिटाला लावलं आणि ते परत नाशिकला आलं. एप्रिलपासून तिकडे निघालेल्या नोटाही अशाच, हिंदुस्थानच्या नोटांवर "हुकूमत-ए-पाकिस्तान" छापलेल्या, आणि त्याही नाशिकरोडच्याच. अर्थात ते आम्हाला कितीतरी नंतर कळलं. अण्णांनी पाकीट उजेडात धरून बराच वेळ पाहिलं. काका फार अवघडले होते. त्यांना वाटत होतं त्यांनी काही अपराध केलाय. अण्णा त्यांना म्हणाले, "छपाई सुबक आहे हो."

शुक्रवार ३० आणि शनिवार ३१ जानेवारी

संध्याकाळी रेडिओवर बातमी. रात्रीपर्यंत कळलं की गोळ्या झाडणारा मराठी ब्राह्मण आहे. वाड्याचा दिंडी दरवाजा लावून घेतला, मागून लाकडी अडसर. दुसऱ्या दिवशी मुंबई-पुण्याकडे ब्राह्मणांच्या घरांवर दगडफेक आणि जाळपोळ झाल्याच्या बातम्या येऊ लागल्या.

काकू म्हणाल्या, "आपल्याच गावात आपल्याला कोण काय करणार?"

आई उठली. ट्रंक ओढून मागच्या दाराशी नेली, डबे पुन्हा एकात एक घातले, देव फडक्यात बांधले, बेबीला दोन फ्रॉक एकावर एक चढवले. काकूंच्या मुलांचेही कपडे बांधले. काकू बघत राहिल्या, मग त्यांनी आपला देव्हारा उघडला. आमच्या वाड्याला काही झालं नाही. पण ती रात्र काकू आणि आई माजघरात एकमेकींना टेकून बसून होत्या, आणि त्यानंतर काकू आईला "आपल्या माणसांत आलीस" असं कधी म्हणाल्या नाहीत. दोघी सख्ख्या बहिणींसारख्या झाल्या, त्या तेव्हापासून.

फेब्रुवारीतला एक रविवार. देवळाली

अदीच्या घरानेही अखेर कराची सोडली आणि त्यांना देवळालीची छावणी मिळाली, असं कोणाकडून तरी कळलं. आई म्हणाली, आजच जायचं.

बराकीत गोणपाटाचे पडदे लावून खोल्या केल्या होत्या. पडद्यापाशी उभं राहून आईने "अदी" अशी हाक मारली आणि आतून तीन बायकांनी ओ दिली. आमची अदी चौथी. तिने आम्हाला बसवलं आणि रिवाजाप्रमाणे आधी पापड आणि पाणी पुढे केलं. त्या एवढ्याशा जागेत, चुलीच्या धुरात, तिच्याकडे पापड होता.

आई तिथे रडली. हुंदके देऊन, सिंधीत बोलत. आई सिंधीत रडते हे मी प्रथमच पाहिलं. अदी तिला थोपटत होती. शिवणयंत्र केमारीला काढून घेतलं म्हणून अदी उलट आईची माफी मागत होती. मग दोघींनी मिळून कढी केली आणि आम्ही सगळ्यांनी खाल्ली. दादाने चार वाट्या प्याल्या.

त्यानंतर

मे महिन्यात अण्णांना नाशिकरोडच्या माल कचेरीत जागा मिळाली आणि आम्ही रेल्वेच्या खोल्यांत राहायला गेलो. कढी पुन्हा आमच्या घरी होऊ लागली. अदीचं घर वर्षभराने कल्याणच्या छावणीत हललं. ८ ऑगस्ट १९४९ ला राजाजींच्या हस्ते तिथल्या नव्या वस्तीची कोनशिला बसली आणि तिचं नाव उल्हासनगर झालं. आई अण्णांच्या पासावर तिकडे जायची, आम्हाला घेऊन.

मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे सरकारने मागवले, तेव्हा आम्ही काही मागितलं नाही. आमचं घर भाड्याचं होतं. अदीच्या नवऱ्याचं मात्र खालच्या मजल्याचं खरेदीखत कराचीतच राहिलं होतं. तो अर्ज घेऊन नाशिकरोडला आला. घर त्याचंच होतं हे सांगणारा शेजारी साक्षीदार त्याला हवा होता. अण्णांनी दुपारभर बसून जबानी लिहिली: गल्ली, मजले, जिना कुठल्या बाजूला, नळ कुठे, गच्चीवरून काय दिसतं. लिहिता लिहिता मध्येच आईला विचारत होते आणि ती स्वयंपाकघरातून उत्तरं देत होती. पैसे मिळाले ते थोडेच आणि फार उशिरा. त्यातून त्यांनी उल्हासनगरला कापडाचं दुकान घातलं. दुकानातलं पहिलं ठाण फाडलं ते बेबीच्या परकरासाठी.